डिंक, राळ आणि सुगंध

आम्ही बँकेत कारकून म्हणून लागलो, त्या वेळी आमच्या टेबलावर दोन वस्तू कायम असत. एक डिंकाची बाटली आणि दुसरी लाखेची कांडी. व्हाउचरला कागद चिकटवायचा तर डिंक, आणि तिजोरीच्या जादा किल्ल्यांचे पाकीट मोहोरबंद करायचे तर लाख. डिंक घट्ट झाला की त्यात थोडे पाणी घालायचे. लाख वापरायची तर मेणबत्ती पेटवायची. एकदा नव्याने रुजू झालेल्या एका सहकाऱ्याने लाख मऊ व्हावी म्हणून तिचा तुकडा पाण्यात भिजत ठेवला. सायंकाळपर्यंत तो जसाच्या तसा. सगळे हसले, आम्हीही हसलो. पण "दोन्ही झाडावरच मिळतात, मग एक पाण्यात विरघळतो आणि दुसरी का नाही?" असे त्याने विचारले, तेव्हा हसणाऱ्यांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही.

आम्ही कला शाखेचे पदवीधर. रसायनशास्त्राशी आमचा संबंध दहावीतच संपला होता. त्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला पुष्कळ वर्षांनी मिळाले. तोपर्यंत आमच्या घराने त्याची किंमत मोजली होती. म्हणून हा विषय आम्ही या स्मरणिकेसाठी निवडला आहे. विद्यार्थी मित्रांनी तो पुस्तकी विषय समजू नये, एवढीच विनंती.

डिंक वेगळा, राळ वेगळी

झाडाच्या सालीला जखम झाली की काही झाडांतून चिकट द्रव बाहेर येतो आणि वाळून त्याचे खडे होतात. आपण या सर्वांना सरसकट 'डिंक' म्हणतो. परंतु त्यात दोन अगदी भिन्न पदार्थ असतात.

पहिला खरा डिंक. बाभूळ, धावडा, खैर यांचा. तो साखरेच्या जातीतील अनेक रेणू एकमेकांना जोडून तयार झालेला असतो. म्हणून तो पाणी शोषतो, फुगतो, विरघळतो. विस्तवावर टाकला तर साखरेसारखा करपतो, पण त्याला सुगंध येत नाही. बाळंतिणीच्या लाडवात आपण घालतो तो हाच.

दुसरा पदार्थ म्हणजे राळ. साल वृक्षाची राळ, चीडच्या झाडाचा गंधबिरोजा ही याची उदाहरणे. राळ तेलाच्या जातीची असते. पाण्यात ती विरघळत नाही. स्पिरिटमध्ये, टर्पेंटाइनमध्ये विरघळते. उष्णतेने मऊ होते, जाळली तर धूर करीत जळते आणि बहुधा सुवास देते. चीडच्या झाडाचा चीक ऊर्ध्वपातनाने तापविला की त्यातील उडून जाणारा भाग म्हणजे टर्पेंटाइन, आणि मागे उरते ती रोझिन नावाची घट्ट राळ. हिमाचल प्रदेश व उत्तराखंडात हा मोठा व्यवसाय आहे.

काही झाडांच्या चिकात डिंक, राळ आणि सुगंधी तेल अशी तिन्ही द्रव्ये एकत्र असतात. हिंग, गुग्गुळ आणि आपल्या सातपुड्यातील सालईचा चीक या वर्गात मोडतात. हिंगाचे पाणी पांढुरके, दुधासारखे होते ते यामुळेच. डिंकाचा भाग पाण्यात उतरतो आणि राळेचे सूक्ष्म कण त्यात तरंगत राहतात. जगात सर्वाधिक हिंग खाणाऱ्या देशांत आपण मोडतो, परंतु खरे हिंग देणारे झाड भारतात लावण्याचा शास्त्रीय प्रयत्न ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचलातील लाहौल खोऱ्यात सुरू झाला.

झाड हे सर्व आपल्यासाठी करीत नाही, हे येथे लक्षात घ्यावे. जखम बुजविणे, किडीला अडविणे, बुरशीला थोपविणे, हा त्यामागील हेतू असतो. म्हणजे झाडावर डिंक दिसला की झाडाला काहीतरी झाले आहे, हा त्याचा अर्थ. हे साधे वाक्य आमच्या घरी कुणाला ठाऊक नव्हते.

संत्र्याचा डिंक्या

शेंदूरजनाघाटच्या संत्रा कलमा दूरदूरपर्यंत जातात. आमचे वडील येथील पन्हेऱ्यांमध्ये रोजंदारीने डोळे भरण्याचे काम करीत. जंभेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बसविण्यात त्यांचा हात असा होता की, त्यांनी बांधलेली शंभर कलमे मोजली तर दोन-चारच वाया जात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बगीच्यांसाठी कलमा बांधल्यावर त्यांनी उतारवयात थोडी बचत आणि थोडे कर्ज यांच्या बळावर दोन एकर जमीन घेतली आणि सव्वादोनशे झाडांचा स्वतःचा बगीचा लावला. आमच्या घराण्यात जमिनीचा सातबारा प्रथमच आला होता. तो उतारा त्यांनी किती दिवस खिशात बाळगला, हे आम्ही पाहिले आहे.

कलमा स्वस्तात मिळाल्या, कारण त्या उरलेल्या होत्या. त्यांचा डोळा जमिनीलगत बांधलेला होता. वाऱ्याने झाडे हलू नयेत म्हणून बाबांनी बुंध्याला मातीची भर दिली. त्यामुळे कलमेचा जोड मातीतच गेला. पाणी बुंध्याशी सोडले जाई. सहाव्या-सातव्या वर्षी झाडे फळांवर आली आणि त्याच सुमारास उन्हाळ्यात बुंध्यांवर डिंकाचे थेंब दिसू लागले. बाबा म्हणाले, "झाड मातलं, म्हणून डिंक सुटला." पाऊस पडला आणि डिंक नाहीसा झाला. आम्हा सर्वांना वाटले, झाड बरे झाले. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. त्यानंतर पाने पिवळी पडू लागली, शेंडे वाळले आणि चार वर्षांत निम्म्याहून अधिक झाडे गेली. कर्जाचे हप्ते पुढे आमच्या पगारातून फिटले. बाबा मात्र त्या बगीच्याकडे जाईनासे झाले. आता ते हयात नाहीत.

पुढे एका शेतकरी मेळाव्यात एका कृषी शास्त्रज्ञांकडून या रोगाची माहिती आम्ही प्रथम ऐकली. यालाच शेतकरी 'डिंक्या' म्हणतात. फायटोप्थोरा नावाचा बुरशीसारखा सूक्ष्म जीव जमिनीत असतो. साचलेल्या पाण्यात तो फोफावतो, चिखलाच्या शिंतोड्यांबरोबर बुंध्यावर चढतो आणि साल व मुळे कुजवितो. झाड बचावासाठी डिंक सोडते. आणि संत्र्याचा हा डिंक खरा डिंक आहे, राळ नव्हे. म्हणून तो पावसात विरघळून वाहून जातो! रोगाला सर्वांत पोषक असणाऱ्या पावसाळ्यातच त्याची खूण धुऊन निघते. तो राळेचा थेंब असता तर पाऊसभर बुंध्यावर टिकला असता आणि कदाचित कुणाच्या तरी नजरेस पडला असता. बँकेतील त्या सहकाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला असे मिळाले.

उपाय अवघड नाहीत. डोळा जमिनीपासून सुमारे पाऊण ते एक फूट उंचीवर बांधलेलीच कलम घ्यावी. जोड मातीत गाडू नये. बुंध्याभोवती एक लहान आळे व त्याबाहेर दुसरे आळे करून पाणी बाहेरच्या आळ्यात द्यावे, म्हणजे बुंधा कोरडा राहतो. पावसाचे पाणी निघून जाण्यास चर काढावेत. डिंक दिसताच रोगट साल धारदार चाकूने खरवडून ती गोळा करून जाळावी, जखम पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुवावी आणि बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना निरनिराळ्या भांड्यांत भिजवून, दोन्ही मिळून दहा लिटर पाणी होईल असे एकत्र केले की हे मलम तयार होते. पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा ते बुंध्याला सुमारे तीन फुटांपर्यंत लावावे. मोरचूद व चुन्याच्या मिश्रणाचा हा शोध १८८५ च्या सुमारास फ्रान्समधील बोर्डो भागात द्राक्षवेलींसाठी मिलार्डे या शास्त्रज्ञाने पुढे आणला. सव्वाशे वर्षे जुनी माहिती आमच्या दोन एकरांपर्यंत वेळेवर पोहोचली नाही, हे आमचे दुःख आहे.

सातपुड्यातील सालई

आपल्या उत्तरेला दिसणाऱ्या सातपुड्यात, विशेषतः मेळघाटात, सालईची झाडे सागाच्या सोबतीने आढळतात. खडकाळ, उताराच्या जागी ती उभी असतात. साल पातळ कागदासारखी सुटते. हिची फांदी तोडून जमिनीत रोवली तरी ती फुटते. हिच्या मऊ लाकडाचा लगदा करून बांबूबरोबर वृत्तपत्राचा कागद बनविण्याचे काम मेळघाटापलीकडील नेपानगरच्या कारखान्यात झाले. हा कारखाना १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण करण्यात आला. देशातील वृत्तपत्रीय कागदाचा तो पहिला कारखाना होय.

सालईची साल थोडी खरवडली की सोनेरी चीक बाहेर येतो. वाळल्यावर तो 'सालई गुग्गुळ' किंवा 'कुंदरू' म्हणून विकला जातो. तो धुपात जातो, तसाच सांधेदुखीच्या औषधांतही जातो, कारण त्यातील राळेच्या भागात बॉसवेलिक आम्ले असतात. अरबस्तान व आफ्रिकेतील जगप्रसिद्ध लोबान देणारी झाडे हिचीच भावंडे आहेत.

परंतु चीक काढण्यालाही मर्यादा आहे. जखम उथळ असावी आणि झाडाला विश्रांती मिळावी. खोल घाव घातला की झाड खंगते. गुजरात व राजस्थानातील खऱ्या गुग्गुळाच्या झाडाचे असेच झाले. अति ओरबाडल्यामुळे ते आज नष्ट होण्याच्या काठावरील वनस्पतींच्या जागतिक यादीत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभांना हक्क दिला आहे. हक्काबरोबर झाड जगविण्याची जबाबदारीही आली, असे आम्हास वाटते.

लाखेपासून बॅकेलाइटपर्यंत

बँकेतील लाख मात्र झाडाचा चीक नव्हे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर राहणारे बारीक किडे झाडाचा रस पिऊन आपल्या अंगाभोवती राळेचे कवच तयार करतात; तीच लाख. आपल्या राज्यात गोंदिया, भंडारा, गडचिरोली या पूर्वेकडील जिल्ह्यांत ती होते. लाखेच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली स्थापन झालेली संस्था आज राष्ट्रीय दुय्यम कृषी संस्था या नावाने ओळखली जाते. बांगड्या, मोहोर, फर्निचरचे पॉलिश आणि जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या, हे सर्व लाखेचेच.

लाख विजेला अडविते. म्हणून विजेची यंत्रे वाढली तशी तिची मागणी वाढली. पण किडे काही कारखान्याच्या गतीने लाख करीत नाहीत. तिला पर्याय शोधताना मूळचे बेल्जियमचे, अमेरिकेत स्थायिक झालेले लिओ बेकलँड यांनी १९०७ साली फिनॉल व फॉर्मॅल्डिहाइड यांच्या संयोगाने एक कृत्रिम राळ तयार केली. तिचे नाव बॅकेलाइट. जुन्या घरातील विजेची काळी बटणे, कुकरची काळी मूठ आठवावी. पूर्णपणे कृत्रिम अशी ही पहिली राळ.

लाख तापविली की पुन्हा वितळते; बॅकेलाइट मात्र एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. कारण त्यातील रेणू चारी बाजूंनी एकमेकांत गुंफलेले असतात. यानंतर कृत्रिम राळांची रांगच लागली. प्लायवुड चिकटविणारी युरिया-फॉर्मॅल्डिहाइड, न फुटणाऱ्या ताटांची मेलॅमाइन, दोन नळ्यांतील द्रव्ये मिसळून लावण्याचा इपॉक्सी. नव्या कपाटाजवळ डोळे चुरचुरतात ते बहुधा सुटून येणाऱ्या फॉर्मॅल्डिहाइडमुळे. म्हणून नवे कपाट आणले की काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

झाड आणि कारखाना हे नेहमी विरुद्ध टोकांना असतात असेही नाही. कोकण-गोव्यातील काजूच्या टरफलात एक दाहक तेल असते. त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्यापासून राळ बनवून ती वाहनांच्या ब्रेकच्या अस्तरात वापरतात. आपल्याकडचा बिबा हा काजूचाच नातलग. त्याच्या तेलातही तशाच जातीचे द्रव्य असते. परीट त्याने कपड्यांवर न पुसणारी खूण करीत. आणि तोच बिबा अंगावर उतला तर काय होते, ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगावयास नको. 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी, हा समज बिबा एकटाच खोटा ठरवितो.

'ॲरोमॅटिक' या शब्दाची गोष्ट

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना 'ॲरोमॅटिक संयुगे' शिकावी लागतात. ॲरोमा म्हणजे सुगंध. मग ही सर्व संयुगे सुगंधी असतात काय? नाही. तरी नाव असे का पडले, ही गोष्ट राळेपासूनच सुरू होते.

सुमात्रा बेटावरील एका झाडाची सुगंधी राळ अरब व्यापारी विकीत आणि तिला 'लुबान जावी', म्हणजे जावाकडचा लोबान, असे म्हणत. युरोपीय लोकांच्या जिभेवर त्यातील 'लु' गळून गेला आणि उच्चार बदलत बदलत शब्द झाला 'बेंझॉइन'. या राळेपासून मिळालेले आम्ल ते बेंझोइक आम्ल. त्याचाच क्षार, सोडियम बेंझोएट, आज संत्र्याच्या स्क्वॅशमध्ये टिकाऊपणासाठी घालतात. १८३३ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ मिचर्लिख यांनी हे आम्ल चुन्याबरोबर तापविले आणि जो द्रव मिळाला, त्यालाच पुढे बेंझिन हे नाव रूढ झाले. हाच द्रव मायकेल फॅरेडे यांनी १८२५ साली दिव्याच्या वायूच्या अवशेषातून वेगळा केला होता. म्हणजे पेट्रोल आणि डांबराशी जोडलेल्या या द्रव्याचे नाव लोबानावरून आले आहे!

बेंझिनमध्ये सहा कार्बन व सहा हायड्रोजन अणू असतात. ते जोडलेले कसे, हे कोडे १८६५ साली केकुले यांनी सोडविले. सहा कार्बन एकमेकांचे हात धरून गोल कडे करतात, असे त्यांनी मांडले. ज्यांच्यात असे कडे आहे ती ॲरोमॅटिक संयुगे. पहिली काही उदाहरणे सुगंधी राळांतून व तेलांतून मिळाली, म्हणून नाव तसे पडले आणि तसेच राहिले.

यातून दोन मजेदार गोष्टी निघतात. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनिन असते. त्याचा वास सर्वांना प्रिय, पण रसायनशास्त्राच्या अर्थाने ते ॲरोमॅटिक नाही. कापूरही नाही. उलट पांढऱ्या थर्मोकोलला वास नाही, तरी त्याच्या रेणूत बेंझिनची कडी ओवलेली असतात. १८३९ साली सायमन नावाच्या जर्मन औषधविक्रेत्याला स्टोरॅक्स नावाच्या राळेतून स्टायरिन हा द्रव मिळाला. त्याच स्टायरिनची साखळी म्हणजे थर्मोकोल. त्याच्या ताट-वाट्यांवर महाराष्ट्र शासनाने २०१८ साली बंदी घातली, कारण तो कुजत नाही.

आमच्या रेकॉर्ड रूममध्ये डांबर गोळ्या ठेवीत. त्या पांढऱ्या गोळ्यांतील नॅप्थलिन म्हणजे बेंझिनची दोन कडी शेजारी जोडलेली. लहान मुले त्या तोंडात घालतात, म्हणून घरी जपावे. आणि बेंझिन स्वतः रक्ताच्या कर्करोगास कारण ठरते, हे सिद्ध झाले आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बी. एस. ६ मानकानुसार पेट्रोलमध्ये ते एक टक्क्यापेक्षा अधिक असता कामा नये. पेट्रोलचा वास आवडतो म्हणून हुंगणाऱ्या मुलांना हे सांगितले पाहिजे.

विहारातील अगरबत्ती

भगवान बुद्धांचे महापरिनिर्वाण कुशिनारा येथे दोन साल वृक्षांच्या मध्ये झाले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्याच साल वृक्षाची राळ धुपात वापरली जाते. पचमढी, मंडला या भागांत गेल्यास ही झाडे पाहावयास मिळतात. धूप आणि वंदना यांचे नाते असे जुने आहे.

मात्र आज आपण लावतो ती अगरबत्ती बहुधा राळेची नसते. बांबूची काडी, कोळशाची भुकटी, लाकडाचा भुसा आणि चिकटपणासाठी जिगट, म्हणजे मैदालकडीच्या सालीची पूड, एवढ्याने कोरी काडी तयार होते. नंतर ती सुगंधी द्रव्यात बुडवितात. ही द्रव्ये बहुतांशी कारखान्यात तयार झालेली असतात आणि ती पातळ करण्यासाठी डायइथाइल थॅलेट नावाचे, बेंझिनचे कडे असलेले, तेलकट द्रव्य वापरले जाते. सुगंध कारखान्याचा आहे म्हणून तो वाईट, असे नव्हे. परंतु काडी अर्धवट जळते तेव्हा धुरात सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड आणि थोडे बेंझिनही असते. शुद्ध लोबान जाळला तरी धूर तो धूरच.

एका पौर्णिमेला विहारात गर्दी होती. पाऊस असल्याने खिडक्या बंद होत्या. प्रत्येकाने आपापली अगरबत्ती लावली होती आणि धुराने समोरची मूर्ती अंधुक दिसत होती. दम्याचा त्रास असलेला एक मुलगा आईच्या पदरात तोंड खुपसून खोकत होता. शेवटी ती माउली वंदना अर्धी सोडून त्याला घेऊन पावसात बाहेर उभी राहिली. आम्ही आत बसून राहिलो. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही. सर्वांच्या वतीने एकच अगरबत्ती लावली असती, ती दाराजवळ ठेवली असती आणि एक खिडकी उघडली असती, तर ती दोघे आत बसू शकली असती. आमची संस्थेला नम्र सूचना आहे की हा नियम करावा. ज्या भगिनी घरी अगरबत्त्या वळतात, त्यांनीही हे काम मोकळ्या हवेत करावे, भुकटी मळताना नाकावर कापड बांधावे आणि सुगंधी द्रव्यात उघडा हात घालू नये.

विद्यार्थ्यांसाठी दोन प्रयोग

विद्यार्थी मित्रांनो, खर्च नसलेले दोन प्रयोग करून पाहा. पहिला, बाभळीचा डिंक व लाखेचा तुकडा दोन पेल्यांत पाण्यात टाका आणि सकाळी पाहा. दुसरा, ताज्या संत्र्याची साल थर्मोकोलच्या तुकड्यावर दाबून तिचे तेल उडवा. काही वेळात थर्मोकोलला खड्डे पडलेले दिसतील, कारण लिमोनिन त्याला विरघळविते. जे पाण्याला जमत नाही ते आपल्या संत्र्याच्या सालीला जमते. मात्र हे तेल डोळ्यांत उडू देऊ नका आणि जवळ दिवा ठेवू नका, कारण ते पेट घेते.

आणि तिसरे काम म्हणजे प्रयोग नव्हे, पण तेवढे अवश्य करा. ज्यांच्या घरी संत्र्याची झाडे आहेत, त्यांनी उन्हाळा संपण्यापूर्वी, पहिला पाऊस पडण्याच्या आत, प्रत्येक झाडाचा बुंधा खाली वाकून पाहावा. डिंकाचा थेंब दिसला तर घरच्या वडीलधाऱ्यांना सांगावे. त्यांनी "झाड मातलं" म्हटले तर त्यांना हा लेख वाचून दाखवावा. आमच्या घरी असे वाचून दाखविणारे कुणी नव्हते.